विशेष बाब

रंगवाल्या साहेबांना पक्षाच्या कचेरीत मागून ‘मोकळीक’ म्हणत. तोंडावर साहेब, आणि पाठ वळली की, “आज मोकळीक येऊन गेले, चहा गार होता म्हणून सरकारच्या नावानं बोटं मोडून गेले.” त्यांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठल्याही विषयावर बोलायला उभे राहिले, की “अहो, माणसाला जरा मोकळीक द्या” हे वाक्य यायचंच.

त्यांचा रंगांचा कारखाना होता. भिंतींचे, लोखंडाचे, लाकडाचे, बोटींच्या बुडाला द्यायचे, असे सगळे रंग तिथे बनत. त्यांच्या वडिलांचं नुसतं एक दुकान होतं. परवान्यावरची एक सही राहिली म्हणून कुणा अधिकाऱ्यानं ते बंद केलं, आणि सही मिळेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. वडील त्यानंतर बोलायचे कमी झाले, एवढंच. मुलानं मात्र तो राग नीट सांभाळला. पुढे पैसा आला, पुस्तकं आली, आणि त्या रागावर तत्त्वाचा एकेक हात चढत गेला.

त्यांची मतं ऐकली की माणूस गोंधळून जाई. कर म्हणजे सभ्य माणसांनी केलेली चोरी. सरकारी शाळा, सरकारी दवाखाने बंद करून टाकावेत. इथवर ऐकून श्रीमंत मंडळी माना डोलवत. मग साहेब त्याच सुरात म्हणत, की कोण काय पितो, काय ओढतो, कोण कुणाबरोबर झोपतो, कोण कुठल्या देशातून पोट भरायला येतो, ह्यातही सरकारनं नाक खुपसू नये. तिथे माना डोलायच्या थांबत. एका वर्षी त्यांनी पक्षाच्या प्रचाराला सगळ्यांत मोठी देणगी दिली, आणि त्याच पक्षाच्या सरकारनं तुरुंगात टाकलेल्या एका नाटकवाल्याच्या वकिलाची फीही भरली.

“काका, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूनं?” पक्षाच्या अध्यक्षानं हसत विचारलं होतं. अध्यक्ष वयानं लहान होता, आणि ज्याच्याकडून काही हवं असेल त्याला नात्यानं हाक मारायची त्याला सवय होती.

“माझ्या,” साहेब म्हणाले होते.

बोलणं आणि वागणं ह्यांचा मेळ त्यांच्याकडे दर वेळी बसायचाच असं नाही. सरकारी दवाखाने नकोत म्हणणाऱ्या ह्या माणसानं कारखान्यातल्या एका मिस्त्रीच्या हृदयाची शस्त्रक्रिया स्वतःच्या खिशातून करून घेतली होती, आणि त्याचा कुठे बोभाटा होऊ दिला नव्हता. उलट सरकारी मदतीला भीक म्हणणाऱ्या ह्याच माणसाचा कारखाना सवलतीच्या विजेवर चालत होता. मुलीनं एकदा जेवताना ते काढलं.

“ती मदत नाही,” साहेब म्हणाले. “माझंच नेलेलं थोडं परत येतंय.”

“सगळे असंच म्हणत असतील ना, बाबा?” मुलगी म्हणाली. साहेब हसले. तेव्हा त्यांच्यात असं बोलणं चालायचं.

ही त्यांची एकुलती एक मुलगी आर्किटेक्ट होती. तिनं पहिल्यांदा तिच्या मैत्रिणीला घरी आणलं आणि आम्ही दोघी एकत्र राहणार आहोत असं सांगितलं, तेव्हा तिची आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मैत्रीण दातांची डॉक्टर होती, बोलायला शांत, उंच. ती खुर्चीच्या कडेवर बसून होती. साहेबांनी दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवायला थांबणार ना दोघी?” आयुष्यात त्यांनी पुष्कळ भाषणं केली, पण मुलीला विचाराल तर बाबांचं सगळ्यांत चांगलं वाक्य हेच.

पुढे डॉक्टरला मुलगी झाली. गालात घास कोंबून ठेवायची म्हणून तिचं नाव खारू पडलं. खारू दोघींची होती. जन्म डॉक्टरनं दिला होता, आणि बाकीचं दोघी मिळून करत होत्या. आजीचा नळही कधीच बंद झाला होता. खारूला भरवायला आता आजीच पुढे असे, आणि आजोबा रविवारी तिला कारखान्यात नेऊन डब्यांच्या झाकणांवर रंगांचे ठिपके काढू देत.

त्या वर्षी निवडणूक होती. अध्यक्ष स्वतः घरी आला. पक्ष पुन्हा सत्तेवर आला तर परवान्यांचं जंगल साफ करणार, कर निम्म्यावर आणणार, असं त्यानं सांगितलं. साहेब ऐकत होते, पण त्यांच्या मनात दुसरं काही होतं.

“तुमच्यातले काही लोक सभांमधून कुटुंबाबद्दल बोलतायत,” ते म्हणाले. “खरं कुटुंब कोणतं, खोटं कोणतं. ते मला पसंत नाही.”

“काका, ते टाळ्यांसाठी असतं.”

“माझ्या घरी काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे, आणि आदर आहे,” अध्यक्ष म्हणाला. त्यानं साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमच्या घराला कुणी बोट लावणार नाही. हा माझा शब्द.”

साहेबांनी शब्द घेतला आणि देणगी दिली. पक्ष दणक्यात निवडून आला.

पहिल्या काही महिन्यांत साहेब दहा वर्षांनी तरुण झाले. परवाने खरोखरच गेले. रसायनं साठवायची परवानगी, मग त्या परवानगीसाठी लागणारी दुसरी परवानगी, सगळं एका फटक्यात गेलं. कारखान्यात तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलं नाही. साहेब संध्याकाळी घरी येऊन बायकोला नवे आदेश वाचून दाखवत, आणि ती भाजी निवडता निवडता ‘बरं झालं’ म्हणे.

मग कुटुंबाचा कायदा आला. मुलाचे पालक म्हणजे त्याचे रक्ताचे नातेवाईक, किंवा लग्न झालेले पतीपत्नी. बाकी कुणाचाही मुलावर हक्क नाही. मसुदा छापून आला त्या दिवशी मुलगी एकटीच आली.

“बाबा, ह्यात मी कुणीच नाही,” ती म्हणाली. “उद्या हिला काही झालं, तर खारूची मी कोण?”

“मी बोलतो अध्यक्षाशी.”

“खासगीत नको. उघड बोला. तुम्ही बोललात तर त्यांना ऐकावं लागेल. तुमच्या पैशावर उभे आहेत ते.”

साहेब खासगीतच बोलले. अध्यक्षानं फोनवर सांगितलं, की हा कायदा नुसता कागदावर राहणार आहे, थोड्या लोकांना खूश करायचंय, कुणी राबवणार नाही. शिवाय ह्याच अधिवेशनात कराचं विधेयक आहे. ते अगदी थोड्या मतांवर अडलंय. कुटुंबाचा कायदा हवा असणारे लोक बिथरले, तर कराचंही घोडं पेंड खाईल.

“एवढं अधिवेशन पार पडू दे,” साहेबांनी मुलीला सांगितलं. “मग मी जाहीर लिहितो. नावानिशी लिहितो.”

“कर कमी होणार म्हणून थांबायचं का?”

“तसं नाही ते. एक गोष्ट पदरात पडली, की दुसरीसाठी भांडता येतं.”

 दोन्ही विधेयकं मंजूर झाली. साहेब लेख लिहायला बसले होते, नाही असं नाही. दोन परिच्छेद झालेही होते. पण बोटींच्या रंगाचं नवं युनिट सुरू व्हायचं होतं, आणि लेख तसाच राहिला.

त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टर तिच्या दवाखान्यात, पेशंट खुर्चीत असताना, खाली कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिला हलवायलाही वेळ मिळाला नाही.

अंत्यविधीला डॉक्टरचा भाऊ आला होता. खारूच्या जन्मापासून ह्या माणसानं बहिणीला एक फोन केला नव्हता. तो बायकोसह एका बाजूला उभा राहिला, कुणाशी बोलला नाही. आठवडा उलटला आणि तो एका महिला अधिकाऱ्याला घेऊन मुलीच्या दारात आला. अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं आणि सांगितलं, की कायद्याप्रमाणे खारूचा ताबा मामाकडे जातो. अर्ज आला नसता तर आम्हीही आलो नसतो. पण अर्ज आला आहे.

“मी तिला जन्मापासून सांभाळलंय,” मुलगी म्हणाली.

“मला दिसतंय ते,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या कागदावर तुमच्यासाठी रकाना नाही.”

खारू झोपलेली होती. तिला उठवून नेलं. जाताना ती मामाला ‘काका’ म्हणाली, कारण अनोळखी माणसाला काका म्हणायचं, हे तिला शिकवलेलं होतं.

साहेब दुसऱ्याच दिवशी राजधानीला गेले. एरवी अध्यक्ष त्यांना घ्यायला दारापर्यंत येई. ह्या वेळी बाहेरच्या खोलीत बसवलं. तिथल्या भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, आणि तो त्यांच्याच कारखान्याचा होता. वासावरून त्यांनी ओळखलं. शेवटी आत बोलावलं.

अध्यक्षानं सगळं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटल्यासारखंही दिसलं. कदाचित वाटलं असेलही.

“तुम्ही शब्द दिला होता,” साहेब म्हणाले.

“काका, कुणी अर्ज केला तर मी काय करणार? मामाच पुढे आला.”

“कायदा मागे घ्या.”

“ते होणार नाही.”

“निदान बदला. जिथे मूल आधीपासून एखाद्या घरात वाढतंय, तिथे त्याला तिथेच राहू द्यायचं. एवढी एक ओळ घाला.”

“एक ओळ घातली की सगळा कायदाच वाहून जातो. आमचे लोक मला उभा जाळतील.” अध्यक्ष खुर्ची ओढून जवळ बसला. “पण तुमचं करता येईल. मंत्र्याला अधिकार आहे. विशेष बाब म्हणून आदेश काढता येतो. मामाला मी समजावतो, त्याची बदलीची काही अडचण आहे म्हणे, ती सोडवू. महिन्याभरात मूल तुमच्या मुलीकडे येईल.”

साहेबांनी आपली खुर्ची जराशी मागे सरकवली. मग म्हणाले, “मी आजवर सरकारकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही.”

“म्हणून तर देतोय.”

“हे चुकीचं आहे. कायदा असेल तर सगळ्यांना सारखा. हे मी तुमच्याच व्यासपीठावरून सांगितलंय.”

“छान बोलता तुम्ही,” अध्यक्ष म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि साहेबांना तेच जास्त लागलं. “नको असेल तर नको म्हणा. मी आग्रह करणार नाही.”

साहेबांच्या डोळ्यांपुढे खारू होती, अर्धवट झोपेतली. त्यांनी मान हलवली. नकाराची नव्हे.

आदेश आला. त्यात लिहिलं होतं, की सदर प्रकरण विशेष बाब म्हणून मान्य करण्यात येत असून अन्य कोणत्याही प्रकरणास दाखला म्हणून वापरता येणार नाही. आणि हा आदेश एक वर्षापुरता आहे. पुढे दर वर्षी मंत्र्यांच्या मर्जीनुसार वाढवता येईल.

खारू परत आली. पहिले काही दिवस तिनं सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. मग हळूहळू बोलायला लागली. आजी तिथेच मुक्कामाला गेली. साहेब रोज कारखान्यातून थेट मुलीकडे जात, आणि त्यांना वाटायला लागलं होतं, की जे झालं ते झालं, निदान शेवट तरी बरा झाला.

ताब्याच्या कामासाठी मुलीला न्यायालयात खेटे घालावे लागले होते. तिथल्या बाकावर तिची एका संगीतशिक्षिकेशी ओळख झाली होती. तिचीही गोष्ट हीच होती, फक्त मुलं दोन होती, जुळी, आणि ती आजीआजोबांकडे गेली होती. दोघी एकमेकींना धीर देत बसायच्या. खारू परत आल्याचं कळल्यावर शिक्षिका घरी आली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आशा होती.

“तुम्हाला कसं मिळालं?” तिनं विचारलं. “कुठला वकील केलात? काय मांडलं त्यानं? मला सगळं सांगा, मी तसंच मांडते.”

साहेब तिथेच बसले होते. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती शिक्षिकेला खरं तेच म्हणाली.

“वकील नव्हता. माझे वडील पक्षाला पैसे देतात.”

 शिक्षिकेनं कपातला चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. जाताना खारूच्या केसांवरून हात फिरवला आणि ‘येते’ म्हणाली.

दार लागल्यावर साहेब म्हणाले, “मी तिच्यासाठीही शब्द टाकून बघतो.”

“टाका. मग तिच्यानंतर आणखी कुणासाठी टाका. बाकावर पुष्कळ जण बसलेत.” मुलीचा आवाज चढला नव्हता. “बाबा, मी हा आदेश परत करणार नाही. तेवढी मी मोठी नाही. खारूला मी पुन्हा जाऊ देऊ शकत नाही. तुम्ही आणलेलं मी घेतलंय, आणि रोज सकाळी उठून घेतेय. पण तुम्हाला समोर बसलेलं बघितलं, की मला ते आठवतं. तुम्ही येऊ नका.”

“मी काय वाईट केलं? मी तिला परत आणलं.”

“हो. आणि ती गेली तेही तुमच्याच माणसांमुळे. तेव्हा मी बोला म्हणाले होते.”

“मी तुमच्या दोघींच्या विरोधात कधी एक शब्द काढला नाही. माझी मतं तुला माहीत आहेत.”

“मतं तुमची फार चांगली आहेत, बाबा,” मुलगी म्हणाली. “पैसे कुठे जातात, एवढंच विचारतेय मी.”

साहेब घरी आले.  बायको मुलीकडे राहात होती ती तशीच राहिली, आणि रविवारी तेवढी घरी येऊ लागली.

त्यांनी शिक्षिकेसाठी खरोखर शब्द टाकला. अध्यक्षाच्या सचिवानं नाव लिहून घेतलं, आणि मग ते नाव कुणाला आठवेना. साहेबांनी जाहीर लेखही लिहिला, ह्या वेळी पूर्ण. पण संपादकाला पाठवायच्या आधी वकिलाला दाखवला. वकील म्हणाला, लेख उत्तम आहे, पण आदेश वाढवायची तारीख जवळ आली आहे, जरा थांबा. साहेब थांबले.

त्या सुमारास त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आता ह्या पक्षाला एक पैसा द्यायचा नाही. विरोधी पक्षाचे लोक येऊन भेटून गेले. पण ते कर वाढवणार होते, कारखान्यांवर नवे निरीक्षक नेमणार होते, आणि कुटुंबाच्या कायद्याबद्दल त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आम्ही निवडून आल्यावर विचार करू, ते म्हणाले. कोणाचंच सरकार नको म्हणणाऱ्या माणसाला कोणाचा तरी हात धरायचा होता, आणि एकही हात स्वच्छ नव्हता. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. विरोधी पक्षाच्या माणसानं नम्रपणे विचारलं, “साहेब, तुमचा स्वतःचा?”

मग सचिवाचा फोन आला. तब्येत कशी आहे, कारखाना कसा चाललाय, खारू बाळ बरं आहे ना. मग म्हणाला, की पुढच्या महिन्यात निधीसाठी मेजवानी आहे, अध्यक्षांनी पहिल्या टेबलावर तुमचं नाव लिहायला सांगितलंय. आणि हो, त्या आदेशाची फाइल मंत्र्यांच्या टेबलावर आहे, काळजी करू नका.

एवढंच. धमकी दिली असती तर साहेबांना धमकीवर भांडता आलं असतं. त्यांनी पैसे आधीपेक्षा जास्तच दिले. आदेश एक वर्ष वाढला.

मेजवानीला ते गेले. अध्यक्षानं भाषणात त्यांचं नाव घेतलं, स्वातंत्र्याचे निधड्या छातीचे पाठीराखे म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठून उभे राहिले, हात जोडले, खाली बसले. शेजारी एक तरुण व्यापारी बसला होता. त्यानं साहेबांची जुनी भाषणं ऐकली होती, काही तर पाठ होती.

“तुमच्यामुळे मी विचार करायला लागलो, सर,” तो म्हणाला. “सरकारनं माणसाच्या वाटेत येऊ नये. बस, एवढं एकच सूत्र.”

“हो,” साहेब म्हणाले.

“तुम्हाला कधी तडजोड करावी लागली?”

साहेबांनी रुमाल उलगडून मांडीवर पसरला. “जेवा,” ते म्हणाले. “गार होतंय.”

पुढच्या रविवारी बायको घरी आली. ती आठवड्याचे कपडे आवरत होती, साहेब पलंगाच्या कडेला बसले होते.

“खारू सायकल चालवायला लागली,” ती म्हणाली. “मागची छोटी चाकं काढली.”

“कुणी शिकवली?”

“शेजारचे आहेत एक. रोज संध्याकाळी मागे धरून पळत होते बिचारे.”

“पडली का?”

“पडली की. कोपर खरचटलं. रडली नाही.”

साहेब विचारणार होते, पण विचारलं नाही. बायकोनंच थोड्या वेळानं सांगितलं.

“ती विचारत नाही हो तुमचं. लहान आहे अजून. मुलं विसरतात.” तिनं शर्टाची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा उलगडली. “मी काढते अधूनमधून विषय. मग तिची आई उठून आत जाते, म्हणून आता काढत नाही.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “नको काढूस.”